नापासाचा शिक्का कोणावर?

सर्वांना एकच पुस्तक, एकच परीक्षा; तेव्हा मागे पडणारे मूल मंदबुद्धीच असले पाहिजे, असा एक सोयीचा समज मध्यमवर्गात रूढ आहे. भंडारा जिल्ह्यातील श्रमिकांच्या घरांत तो टिकत नाही. विडीचा धंदा भरात असताना मजुरी हजार विड्यांमागे मिळे. साहजिकच मुलांचे हातही कामाला लागत. १९८६ च्या बालकामगार कायद्याने विडीकामास मनाई केली, परंतु कुटुंबाच्या मदतीने चालणारे काम वगळले. आणि विडी तर घरीच वळली जाई! शेतमजुराच्या घरी आजही शाळा उघडते न उघडते तोच धानाची रोवणी येते. आई बांधीत राबते, थोरली मुलगी धाकट्यांना सांभाळत घरी राहते. धडे बुडतात ते येथे.

शेतकऱ्याच्या कराच्या पैशावर वरिष्ठ वर्गाची मुले शिकतात, हे महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडले. आज शाळा गावोगाव पोहोचली. अभ्यासाची फुरसत मात्र अद्याप वर्गानुसारच वाटली जाते. अशा स्थितीत शिक्षणहक्क कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत मुलांना त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना दिली आणि महाराष्ट्राने ती स्वीकारली. दारिद्र्य घराचे, शिक्षा मुलाला!

कार्यकर्त्यांनी गावोगावी नापास मुलांच्या पालकांचा व्यवसाय विचारावा. उत्तर त्यातच सापडेल. रोवणीत बुडालेले धडे शाळेने भरून द्यावेत, ही मागणी लावून धरावी. आणि मजुरीचा लढा हाच शिक्षणाचाही लढा आहे, हे विसरू नये.