घरातली झुंज एकट्याची राहू नये



सभासदाला आरोपपत्र मिळाले की संघटना त्याच्या बचावाला माणूस उभा करते. अन्यायाने बदली झाली की पदाधिकारी साहेबाच्या दालनापर्यंत जातात. महागाई भत्त्याचा हप्ता थकला की गेटवर सभा होते. पण त्याच सभासदाच्या क्वार्टरमध्ये पगाराच्या रात्री भांडी आपटतात, पोरे शेजारी जाऊन झोपतात, बायको पतपेढीच्या कर्जावर दुसरे कर्ज काढते, तेव्हा आपण काय करतो? "घरातला प्रश्न आहे, आपण कशाला मध्ये पडा" असे म्हणून दार लावून घेतो. हे मौन चळवळीला परवडणारे नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. लढून मिळवलेला पैसा घरी पोहोचतच नसेल तर लढा अर्धाच जिंकला, असे म्हणावे लागेल.

हा विचार नवा नाही. आपल्याच देशातल्या कामगारांनी तो चाळीस वर्षांपूर्वी प्रत्यक्षात आणून दाखवला आहे, आणि तोही रेल्वे कामगारांना चांगल्या परिचयाच्या भागात. भिलाईचे नाव आपल्याला कोणी सांगायला नको. आपल्या गाड्या ज्या रुळांवरून धावतात त्यांचा फार मोठा हिस्सा भिलाईच्या पोलाद कारखान्यात घडला आहे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी या कारखान्याची पहिली झोतभट्टी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. त्या भट्ट्यांना लागणारे लोहखनिज दल्ली राजहराच्या खाणींतून मालगाडीने येत असे. दुर्गहून गुंडरदेही, बालोद करीत दल्ली राजहराला जाणारी ती लाइन आपल्यातल्या कित्येकांनी चालवली आहे, तिची देखभाल केली आहे. विदर्भातून पोटासाठी गेलेली मराठी कुटुंबेही दुर्ग-भिलाईत पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत.

दल्ली राजहराच्या खाणीत हाताने खनिज फोडणारे मजूर ठेकेदाराचे होते. स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीने, बहुधा जोडीने, काम करीत. १९७७ मध्ये या मजुरांनी छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ उभा केला. एकेकाळी भिलाईच्याच कारखान्यात कोक ओव्हन विभागात काम केलेले शंकर गुहा नियोगी त्यांचे नेते झाले. त्याच वर्षी २ व ३ जूनला पोलिसांच्या गोळीबारात अकरा जणांचे प्राण गेले. तरीही संघ मोडला नाही. दिवसाला तीन-चार रुपये असलेली मजुरी पुढच्या काही वर्षांत कित्येक पटींनी वाढली.

यानंतर जे घडले त्याचा विचार प्रत्येक संघटनेने करावा. मजुरी वाढली तसा दारूच्या दुकानांचा धंदाही वाढला. वाढीव पैसा घरी न जाता गुत्त्यावर जाऊ लागला. रक्त सांडून मिळवलेली वाढ दारूच्या ठेकेदाराच्या गल्ल्यात पडत होती. त्या वेळी संघाला "हा ज्याचा त्याचा प्रश्न" असे म्हणता आले असते. संघाने तसे म्हटले नाही. दारू हा मजुरीचाच प्रश्न आहे, असे ठरवून त्याने शराबबंदीची मोहीम हाती घेतली. स्त्रिया या मोहिमेचा कणा होत्या. वस्त्यावस्त्यांतून बैठका झाल्या. पिऊन आलेल्याला सगळ्यांसमोर जाब विचारला जाई, दंडही होई. बायको तिथे उभी राहून बोले, आणि तिच्या मागे वस्तीतल्या इतर बायका उभ्या असत. जी गोष्ट ती एकटी वर्षानुवर्षे गिळत होती, ती बोलण्याची जागा तिला मिळाली.

संघ एवढ्यावर थांबला नाही. स्त्रियांनी महिला मुक्ती मोर्चा उभारला. कामगारांची आरोग्य समिती झाली. १९८२ मध्ये लहानसा दवाखाना सुरू झाला आणि ३ जून १९८३ रोजी, गोळीबाराच्या स्मृतिदिनी, कामगारांच्या वर्गणीतून व श्रमदानातून उभे राहिलेले शहीद रुग्णालय सुरू झाले. डॉ. विनायक सेन, डॉ. आशीष कुंडू, डॉ. शैवाल जाना यांच्यासारखे डॉक्टर तिथे येऊन राहिले. "संघर्ष आणि निर्माण" हे त्यांचे धोरण होते. मागणी करायची, भांडायचे, आणि त्याच वेळी आपल्या हातांनी काही उभेही करायचे.

यात तीन घटक एकत्र आले होते, हे ध्यानात घ्या. संघटनेकडे शिस्त आणि माणसे होती. महिला मोर्चाकडे घरातल्या दुःखाची खरी माहिती होती. रुग्णालयाकडे औषध आणि वैद्यकीय ज्ञान होते. तिघांपैकी एकाने एकट्याने हे काम केले असते तर ते टिकले नसते. नुसत्या भाषणाने दारू सुटत नाही. नुसत्या औषधानेही घर सावरत नाही. आणि नुसते अश्रू ढाळून तर काहीच होत नाही.

त्याच लाइनवर पुढच्या काळातही हे बीज रुजलेले दिसते. गुंडरदेहीच्या शमशाद बेगम यांनी २००६ च्या सुमारास बालोद भागातल्या बायकांना संघटित केले. हातात काठी आणि शिट्टी घेऊन संध्याकाळी गावातून फिरणाऱ्या या "महिला कमांडो" सगळीकडे माहीत झाल्या. २०१२ मध्ये शमशाद बेगम यांना पद्मश्री मिळाली.

आता एक अवघड प्रश्न. दल्ली राजहराची रीत जशीच्या तशी आपल्याकडे आणावी काय? आमच्या मते, नाही. तिथे वस्ती एक होती, काम एक होते आणि दंड करणारा संघ कामगारांचाच होता. चारचौघांत जाब विचारल्याने माणूस शरमला तरी त्याची भाकरी जात नव्हती. आपली परिस्थिती वेगळी आहे. गाडीवर चढण्यापूर्वी लोको पायलटला ब्रेथलायझरमध्ये फुंकावे लागते. त्यात दोष आढळला की नोकरीवर गदा येते. हजारो प्रवाशांच्या जिवाचा प्रश्न असल्याने या तपासणीत सूट मागण्याचे कारण नाही, आणि आम्ही ती मागतही नाही. पण याचा परिणाम असा होतो की त्रास सुरू झालेला माणूस तो लपवतो. बायको लपवते, सहकारी लपवतात, आणि सगळे उघड होते ते मशीनवर किंवा अपघातात. पोस्टातही हेच. रोकड हाताळणाऱ्या माणसाच्या हिशेबात एकदा तूट आली की मग उशीर झालेला असतो. अशा ठिकाणी चारचौघांत नाव घेण्याची रीत माणसाला आणखी खोल दडवेल.

म्हणून दुसऱ्या एका रीतीकडे पाहावे लागते. १९३५ मध्ये अमेरिकेत दोन दारुड्यांनी एकमेकांशी बोलत दारू सोडली आणि त्यातून अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही चळवळ उभी राहिली. १९५७ पासून ती भारतात आहे. तिथे कोणी आडनाव विचारत नाही, फी नाही, साहेब नाही. जो बोलतो तो स्वतःच्या अनुभवाचे बोलतो. १९५१ मध्ये अशाच व्यसनी माणसांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन सुरू झाली, कारण पिणारा एक असला तरी आजारी सगळे घर पडते हे तोवर बायकांच्या लक्षात आले होते. आपल्या पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे व सुनीताबाईंच्या मदतीने मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तिथे रुग्णांच्या पत्नींचा "सहचरी" गट आहे. नवऱ्याची दारू सुटो वा न सुटो, बाईने स्वतःला कसे सावरायचे, मुलांना कसे सांभाळायचे, हे ती तिथे आपल्यासारख्याच दुसरीकडून शिकते.

दल्ली राजहराकडून आपण हे घ्यावे की घरचा प्रश्न हे संघटनेचेच काम आहे आणि ते अनेकांनी मिळून करायचे आहे. सहचरी आणि अल-अनॉनकडून हे घ्यावे की बैठक त्या घरांच्या मालकीची असली पाहिजे आणि तिथले बोलणे तिथेच राहिले पाहिजे.

प्रत्यक्षात काय करता येईल? आमची सूचना अशी आहे.

रेल्वे कॉलनीत किंवा मोठ्या पोस्ट ऑफिसच्या गावात दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी कुटुंबांची बैठक व्हावी. दहा-बारा माणसे पुरेत. पिणाऱ्यांची बैठक वेगळी आणि घरच्यांची वेगळी असावी. दारूच्याच नव्हे तर कर्जात बुडालेल्या, घरात मतिमंद मूल किंवा अंथरुणाला खिळलेला रुग्ण असलेल्या, अनुकंपा नियुक्तीची वाट पाहणाऱ्या विधवा भगिनींच्याही अशा बैठका होऊ शकतात. एका कामगाराच्या मृत्यूनंतर कोणता अर्ज कुठे द्यावा, कोणता कागद कोणी अडवतो, हे जिला त्यातून जावे लागले तिच्याइतके दुसरे कोणी सांगू शकत नाही.

युनियनच्या शाखेने जागा द्यावी, चटया-पाणी पाहावे, विश्वासू माणसांमार्फत निरोप पोहोचवावा, आणि मग बाजूला व्हावे. पदाधिकाऱ्याने तिथे भाषण करू नये. गटातटाचे राजकारण उंबऱ्याबाहेर ठेवावे. बैठकीत कोणत्या युनियनचा बिल्ला आहे हे विचारू नये. महिला मंडळाने पहिल्या काही बैठकांची जबाबदारी घ्यावी, कारण पहिले पाऊल टाकणाऱ्या बाईला ओळखीचा चेहरा दिसायला हवा. रेल्वे रुग्णालयातील किंवा सरकारी दवाखान्यातील डॉक्टरांची मदत पहिल्यापासून घ्यावी. फार वर्षे भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली तर त्याला झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकते. तेव्हा नुसती शपथ घालून माणसाला घरात कोंडू नका, आधी डॉक्टरला दाखवा. वेल्फेअर इन्स्पेक्टरने कर्मचारी हित निधीतून उपचाराला मदत मिळवून द्यावी. जवळ अल्कोहोलिक्स अनॉनिमसचा गट असेल तर त्यांच्यातल्या अनुभवी माणसांना बोलवावे. केंद्र सरकारचा १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा आणि १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा मोफत फोन प्रत्येक शाखेच्या फलकावर लिहावा.

नियम थोडेच, पण काटेकोर असावेत. नावांची वही ठेवू नये. कोणाला उपदेश करू नये. एकीने बोलताना दुसरीने तोडू नये. बैठकीतली गोष्ट स्टाफ रूममध्ये गेली तर ती बैठक त्या दिवशी मेली असे समजावे. मारहाण होत असेल, जिवाला धोका असेल, तर मात्र गुप्ततेच्या नावाखाली बाईला पुन्हा त्याच घरात ढकलू नये. तिला सुरक्षित जागा आणि कायद्याची मदत मिळवून देणे हे बैठकीचे पहिले काम आहे.

आणि प्रशासनापुढे एक मागणी ठामपणे मांडली पाहिजे. जो कर्मचारी कामावर पिऊन येण्याआधी, स्वतःहून उपचारासाठी पुढे येतो, त्याच्यावर त्या कारणाने कारवाई होऊ नये. त्याची रजा आजारपणाची रजा धरावी, आणि बरा होईपर्यंत त्याला सुरक्षेशी संबंध नसलेले काम द्यावे. माणूस लवकर पुढे आला तर प्रवासीही अधिक सुरक्षित राहतील.

काही बंधू विचारतील, "हे प्रशासनाचे काम आहे. आपण केले तर त्यांची जबाबदारी सुटणार नाही काय?" शंका रास्त आहे. पण दल्ली राजहराच्या कामगारांनी स्वतःचे रुग्णालय बांधले तरी मालकाकडे सोयी मागणे सोडले नाही. उलट, मागणाऱ्याच्या आवाजात जोर आला, कारण काय हवे ते त्याने करून दाखवले होते. शिवाय ठेक्यावरचे सफाई कामगार, पार्सल उचलणारे, ग्रामीण डाक सेवक यांना कायम कर्मचाऱ्यांच्या सोयी मिळत नाहीत. बैठकीच्या सतरंजीवर तरी त्यांना आपल्या शेजारी जागा असली पाहिजे.

लढ्याच्या दृष्टीनेही याचा विचार करा. १९९० पासून नियोगींनी भिलाईच्या खासगी कारखान्यांतील ठेका कामगारांचा लढा हाती घेतला. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे झोपेत त्यांची गोळी घालून हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी भिलाईच्या पॉवर हाउस स्टेशनात रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळीबार झाला आणि डझनाहून अधिक कामगार मारले गेले. कित्येक कुटुंबे कामावरून काढलेल्या माणसांची होती, तरी माणसे वर्षानुवर्षे लढ्यात उभी राहिली. चूल विझलेल्या घरातून लढ्याला माणूस मिळणे किती कठीण असते, हे संपात उतरलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ज्या घराला दुसऱ्या घराचा आधार असतो, तेच लांबचा लढा सोसू शकते.

प्रत्येक शाखेने येत्या कार्यकारिणीच्या बैठकीत हा विषय घ्यावा, अशी आमची विनंती आहे. मोठा ठराव नको, उद्घाटन नको, हारतुरे नकोत. एक खोली, एक वार, एक वेळ आणि विश्वासाच्या दोन भगिनी एवढे ठरवावे. पहिल्या आठवड्यात कदाचित कोणीच येणार नाही. दुसऱ्या आठवड्यात एखादी येईल आणि काही न बोलता बसून जाईल. तरी दिवा लावून ठेवावा. तिसऱ्या आठवड्यात ती बोलेल, आणि तिचे ऐकून दुसरी म्हणेल, "माझ्याकडेही असेच आहे." तिथून आपले काम सुरू होईल.