नायकाचे पाय आणि जादूची कांडी

फँटसी रोमान्स वाचणाऱ्या मंडळींना एक गोष्ट पाठ असते. नायकाला काहीतरी जबर लागलं की नायिका मलमपट्टी करणार, नजरानजर होणार आणि दोन प्रकरणांनंतर गडी पुन्हा तलवार घेऊन उभा. ठीक आहे हो, करमणूक आहे. पण जखम भरून येणारी नसेल तर? पाय गेले, हात गेला, डोळे गेले तर? माझ्या मते लेखकाची खरी परीक्षा इथे असते, आणि बरेच जण कॉपी करून पास होतात.

कॉपी कुणाची, तर फार जुन्या पेपरची. शार्लट ब्राँटेच्या 'जेन एअर'मध्ये (१८४७) आगीत रॉचेस्टरचा एक हात आणि दृष्टी जाते. जेन परत येते, लग्न होतं, आणि दोन वर्षांनी त्याला एका डोळ्याने दिसायला लागतं, अगदी स्वतःच्या पहिल्या मुलाचे डोळे बघण्याइतपत. ही फँटसी नव्हे, पण साचा तोच: अपंगत्व ही शिक्षा आणि बरं होणं हे बक्षीस. हात मात्र परत येत नाही. तेवढ्याबद्दल बाईंचे आभार.

आता सारा जे. मासच्या 'टॉवर ऑफ डॉन'कडे (२०१७) येतो, कारण या विषयावर बोलायचं तर ते टाळता येत नाही. केऑल वेस्टफॉल हा राजाच्या रक्षकदलाचा माजी कप्तान. आधीच्या पुस्तकात (२०१५) राजाच्या जादूच्या तडाख्यात त्याचा कणा मोडतो आणि कमरेखालचं शरीर निकामी होतं. मग तो चाकाच्या खुर्चीत बसून समुद्र ओलांडून अँटिका नावाच्या शहरात जातो, तिथल्या टोरे सेस्मेच्या वैद्यांकडून बरं व्हायला. उपचार करणारी यरीन टॉवर्स. हिच्या आईला याच्याच देशाच्या सैनिकांनी मारलेलं. म्हणजे प्रेमाआधी वैर, जे आपल्याला आवडतंच. सहाशेच्या वर पानं आहेत. मी दोन रविवारांत संपवली.

चांगलं काय ते आधी सांगतो. केऑल खुर्चीत आहे म्हणून त्याचं कप्तानपण संपत नाही. तो वैद्यकी शिकणाऱ्या मुलींना स्वसंरक्षणाचे धडे देतो. पाय धरून ठेवणारे पट्टे लावलेलं खोगीर मागवतो आणि घोड्यावर बसतो. हे खोगीर मला फार आवडलं. शेवटी इंजिनियर माणूस! इथे लेखिकेने माणूस 'दुरुस्त' न करता सामान बदललं. 'हाऊ टू ट्रेन युअर ड्रॅगन'मध्ये (२०१०) हिकपचा पाय जातो, आणि पुढच्या भागांतही तो लोखंडी पायावरच हिंडतो. ड्रॅगनची शेपटी चालवायचं पायडलसुद्धा त्या पायाला जुळवून घेतलेलं. मुलांच्या सिनेमाला जे सहज जमतं ते मोठ्यांच्या कादंबऱ्यांना एवढं जड का जावं?

कारण 'टॉवर ऑफ डॉन'मध्ये खोगीर हा तात्पुरता इलाज आहे. गाडी चाललीय पाय बरे करायच्या स्टेशनकडेच. केऑलच्या कण्यात एक काळी शक्ती घर करून बसलीय आणि ती त्याच्या अपराधी भावनेवर पोसली जातेय. तो जुन्या जखमांना सामोरा जातो तसतशी शरीरात जान येते. आधी बोटं हलतात, मग उभं राहणं, मग काठी. वाचताना डोळ्यांत पाणी येतं, नाही असं नाही. पण पुस्तक मिटल्यावर जरा विचार करा. मनातला मळ गेला की पाय चालतात, असं म्हटलं की ज्याचे पाय चालत नाहीत त्याच्या मनात अजून मळ आहे असंच झालं की नाही? 'इच्छाशक्तीच्या जोरावर' छापाच्या बातम्या आपण रोज वाचतो, त्याचीच ही जादुई आवृत्ती.

आमच्या टीममध्ये एक जण आहे. बाईकच्या अपघातात त्याच्या कण्याला मार लागला, तेव्हापासून व्हीलचेअर. हे पुस्तक मीच त्याला दिलं होतं. बोटं हलतात त्या पानापर्यंत त्याने आवडीने वाचलं आणि तिथेच परत केलं. त्याचं म्हणणं एवढंच की इथून पुढे हा माणूस माझ्या ओळखीचा राहिला नाही. राग वगैरे काही नव्हता. नंतर त्याने विचारलं, एवढ्या समुद्रप्रवासात याला बेडसोअर कसे झाले नाहीत? मला तेव्हा कळलं की कण्याला असा मार लागलेल्या माणसाला दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचलावं लागतं, नाहीतर बसल्या जागी जखमा होतात आणि त्या कळतही नाहीत. लघवीला नळी घ्यायची वेळ घड्याळ लावून पाळावी लागते. मीटिंग लांबली की तो घड्याळाकडे बघतो आणि मॅनेजरला वाटतं हा कंटाळला. हे रोमँटिक नाही, मान्य. पण ज्या लेखकाला ड्रॅगनच्या वंशावळी पाठ असतात त्याला एवढं जड जाऊ नये. मराठीत नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' आहे, ते वाचलं की कादंबरीकार किती गोष्टी गाळतात हे लगेच दिसतं.

'अहो, पण जादू आहे ना, मग बरा का नाही करायचा?' असं कुणी म्हणेल. जॉर्ज मार्टिनच्याही जगात जादू आहे, माणसं मरून उठतात. तरीही २००० सालच्या 'अ स्टॉर्म ऑफ स्वोर्ड्स'मध्ये जेमी लॅनिस्टरचा तलवारीचा हात तुटतो तो तुटतोच. सोन्याचा हात मिळतो, पण तो शोभेचा. डाव्या हाताने शिकायला जातो आणि मार खातो. २०११ च्या पाचव्या पुस्तकापर्यंत हात काही परत आलेला नाही. आणि जेमी माणूस म्हणून वाचण्यासारखा होतो तो तिथपासूनच. ब्रिएनशी त्याचं जे काही आहे (प्रेम म्हणा, नाहीतर आणखी काही) ते दुरुस्तीवर अवलंबून नाही.

मासबाईंना न्याय द्यायचा तर शेवट सांगायला हवा. (पुस्तक वाचायचं असेल त्यांनी हा परिच्छेद सोडावा.) यरीनला वाचवताना केऑलला पुन्हा मरणाचा घाव बसतो आणि त्याचा जीव तिच्या जिवाशी बांधला जातो. तिची शक्ती भरलेली असेल तेव्हा तो चालतो. तिने ती दुसरीकडे खर्च केली की काठी, फारच दमली तर पुन्हा खुर्ची. 'किंग्डम ऑफ अ‍ॅश'मध्येही (२०१८) हे पाळलंय. काही दिवस चांगले, काही वाईट, हे खऱ्या आयुष्याच्या बरंच जवळ जातं. सगळ्या पुस्तकात मला ही कल्पना सर्वांत धाडसी वाटली. आणि तिथेच एक खडाही टोचला: नवऱ्याचे पाय बायकोच्या बॅटरीवर चालतात! आपल्याकडच्या कितीतरी घरांत ही बॅटरी वर्षानुवर्षं चालूच आहे, चार्जिंगचं नाव नाही. यरीन दमते, पण ती कधी वैतागते का, नको म्हणते का, यावर एक तरी प्रकरण हवं होतं. सहाशे पानांत जागा निघाली असती.

मित्राला हा शेवट मी तोंडी सांगितला. त्याला त्यात फारसा रस नव्हता. त्याला ते खोगीर हवं होतं. पट्टे नेमके कुठे बांधतात, घोडा बिथरला तर सोडायचे कसे, आणि मुळात वर चढवतं कोण, असे प्रश्न त्याने विचारले. मग आम्ही व्हाइटबोर्डवर त्याचं चित्र काढत बसलो, लंच संपेपर्यंत.