परसबाग : करप्यास दाद न देणारा बटाटा

दसरा उलटला कीं परसांतील वाफ्यांचा विचार सुरू होतो. एकादशीच्या फराळापासून मुलांच्या डब्यापर्यंत सर्वत्र संचार करणारा बटाटा घरचाच असावा, असें पुष्कळ गृहिणींस वाटतें, आणि "रोग न लागणारें वाण कोणतें?" हा प्रश्न त्यापाठोपाठ येतो. उत्तरापूर्वीं रोगाची ओळख करून घेणें बरें.

करप्याचे प्रकार दोन. लवकर येणारा करपा पानांवर तपकिरी ठिपके पाडतो व त्यांत एकांत एक वर्तुळें दिसतात. तो पीक घटवितो, पण सहसा सर्वनाश करीत नाहीं. उशिरा येणारा करपा मात्र घातकी. पानाच्या कडेस ओलसर, काळपट डाग पडतो आणि पहाटे पान उलटून पाहिल्यास डागाभोंवतीं पांढुरकी लव आढळते. हवा थंड, ढगाळ व पानें ओलीं राहिलीं, तर थोड्याच दिवसांत सबंध वाफा कुजतो. १८४५ सालीं याच रोगानें आयर्लंडांतील बटाटा नासला. तेथील गरीब जनता बहुतांशीं एकाच वाणावर जगत होती. पुढील कांहीं वर्षांत सुमारें १० लक्ष माणसें उपासमारीनें व साथींनीं मेलीं, आणि जवळजवळ तितकींच देशोधडीस लागलीं.

आतां वाणांविषयीं. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेच्या वाणांस जवळच्याच कुफ्री गांवाचें नांव जोडलेलें असतें. १९६८ सालीं निघालेली 'कुफ्री ज्योती' प्रथम करप्यास दाद देत नसे. परंतु रोगबीजानेंही आपलें रूप पालटलें, आणि आज तिच्यावर तसा भरंवसा ठेवतां येत नाहीं. २००८ सालच्या 'कुफ्री गिरधारी'ची प्रतिकारशक्ति मोठी, पण ती डोंगराळ मुलखासाठीं. मैदानी मुलखासाठीं काढलेल्या 'कुफ्री ख्याती'ची प्रतिकारशक्ति मध्यम आहे. तेव्हां चांगलें वाण आपणांस सवड देतें, अभय देत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें.

ही सवड कशी वायां जाते, तें आमच्याच घरीं घडलें. एका वर्षीं आम्हीं वाण्याकडील मोड आलेले बटाटे लावले. पौषांत आभाळ आलें आणि दोन झाडांवर डाग दिसले. मोठ्या जाऊबाईंनीं तीं तत्काळ काढावयास सांगितलीं. "आणखी दोन दिवस पाहूं," असें मीं म्हटलें. आमचा वाफा तर गेलाच, परंतु कुंपणापलीकडील शेजारणीचे टोमॅटोही गेले. कारण हा करपा दोहोंसही लागतो. आमच्या आळसाची किंमत त्या बाईंनीं भरली, याची खंत अद्याप आहे.

म्हणून बेणें प्रमाणितच आणावें. मोठ्या लिंबाएवढें, अखंड व निरोगी. आपल्याकडे पावसाळी पिकास करप्याचें भय अधिक; घरच्या वाफ्यास दसऱ्यानंतरची कोरडी हवा मानवते. वरंबे दोन फुटांवर व बेणें नऊ इंचांवर लावावें. पाणी सकाळीं, सरींतून द्यावें. पानांवर शिंपूं नये. दोन वेळां मातीची भर द्यावी, म्हणजे पानांवरील रोगबीज सहजीं कंदापर्यंत पोंचत नाहीं, आणि उन्हानें कंद हिरवे पडत नाहींत. हिरवे पडलेले बटाटे विषारी. ते स्वयंपाकांत घेऊं नयेत.

आभाळ येण्याचीं चिन्हें दिसतांच, रोगापूर्वींच, बोर्डो मिश्रण फवारावें. १० ग्रॅम मोरचूद व १० ग्रॅम कळीचा चुना मातीच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यांत निरनिराळे कालवून, एकत्र करून १ लिटर पाणी करावें. लखलखीत लोखंडी सुरी त्यांत बुडविल्यावर तिच्यावर तांबूस थर आला, तर चुना वाढवावा. मिश्रण त्याच दिवशीं संपवावें, व मुलांना त्याजवळ जाऊं देऊं नये.

तरीही डाग दिसलाच, तर तें झाड पिशवींत घालून काढावें. रोग पसरल्यास सर्व पाला जमिनीलगत कापून टाकावा, आणि दोन आठवड्यांनंतर कोरड्या दिवशीं कंद खणावे. एकही सडका बटाटा वाफ्यांत किंवा खतखड्ड्यांत राहूं देऊं नये. रोगबीज त्यांतच दडून पुढील हंगामाची वाट पाहतें. आणि त्याच दिवशीं शेजारीं जाऊन निरोप अवश्य द्यावा.