मिशरीच्या वेळेलाच ब्रश

सास्तूर म्हटले की 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आठवते. भूकंपाने होत्याचे नव्हते केलेल्या या गावात पुढे स्पर्श ग्रामीण रुग्णालय उभे राहिले. आजारपण अंगावर काढू नये, हे आता सास्तूरच्या लोहारा तालुक्यात पुष्कळांना पटले आहे. दातांचे मात्र अजून तसे नाही. गाल सुजला, भाकरी चावेना झाली की मगच माणूस डॉक्टरकडे निघतो.

डॉक्टर दात काढतात, "रोज दोनदा ब्रश करा" असे बजावतात, आणि वर्षभराने तोच माणूस दुसरा दात धरून येतो. कारण आपल्या भागातल्या कितीतरी बायकांची दात घासायची सवय आधीच पक्की असते, ती मिशरीची. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरून डबीत भरायची, पहाटे बोटावर चिमूटभर घेऊन हिरड्यांवर फिरवायची आणि तशीच तोंडात धरून बसायचे. "मिशरी लावल्याबिगर पोट साफ होत नाही," हे वाक्य घराघरांत ऐकू येते. दंतमंजनात तंबाखू घालायला 1992 मध्ये देशात बंदी आली, पण घरच्या तव्यापर्यंत कायदा कसा पोचणार? गरोदर बाईचीही ही सवय सुटत नाही. मुंबईतल्या गरोदर बायकांचा अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मिशरीसारखी तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळे सरासरी 105 ग्रॅमने हलकी भरली होती.

मिशरी सोडून ब्रश धरला की पहिल्या काही दिवसांत हिरड्यांतून रक्त येते. बाई घाबरते, ब्रशने हिरड्या सोलल्या म्हणते आणि पुन्हा डबी उघडते. नवी सवय मोडते ती इथेच. खरे तर हिरड्या आधीच सुजलेल्या असतात. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसल्यामुळे रक्त दिसत नव्हते इतकेच. मऊ ब्रशने नीट घासत राहिले तर एक-दोन आठवड्यांत रक्त बहुधा थांबते. नाही थांबले तर डॉक्टरला दाखवावे. एवढी गोष्ट आधी सांगितली, तर बाई टिकून राहते. तंबाखू सुटताना डोके दुखेल, चिडचिड होईल, हेही सांगावे. 1800-11-2356 या मोफत सरकारी क्रमांकावर तंबाखू सोडायला मदत मिळते.

वेळ मात्र बदलायला लावू नये. मिशरीची जी वेळ आणि जागा, तीच ब्रशची. रात्रीचा ब्रश जेवणानंतर, अंथरूण घालण्याआधी. झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून दात किडायला रात्रच सोयीची. फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. आरसा हातात देऊन, डॉक्टरांच्या समोर रुग्णाने स्वतः घासून दाखवावे. तोंडी उपदेश घरी पोचेपर्यंत विरतो.

सास्तूरच्याच जिल्ह्यातल्या अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच बायकांना आरोग्याचे काम शिकवून 'भारतवैद्य' केले. दातांसाठीही तीच वाट मला सर्वांत भरवशाची वाटते. घरी येणाऱ्या आशाताईने रक्तदाबाबरोबर हिरड्यांचीही चौकशी करावी. आणि दाताच्या डॉक्टरांनो, ब्रश दोनदा करता का, हे विचारण्याआधी एवढे विचारा: "मावशी, मिशरी कधी लावता?" रागावू नका. रागावलात तर ती पुढच्या वेळी खरे सांगणार नाही.