पैसे घेताना पिन कशाला?

हुबळी-धारवाड या जोडशहराशी गोव्याचे नाते जुने आहे. वास्कोहून सुटलेली रेल्वे दूधसागरचा घाट चढून लोंढ्यामार्गे तेथे पोहोचते. उपचार, शिक्षण आणि व्यापार या निमित्ताने गोमंतकीयांची तेथे सतत ये-जा असते. अलीकडे या ये-जा करण्यात मोबाइलवरील जुन्या वस्तूंच्या बाजाराची भर पडली आहे. क्रिकेटची बॅट, बॅडमिंटनची रॅकेट, गिअरची सायकल अशा वस्तू आता घरबसल्या विकता येतात. मात्र या बाजारात वस्तू विकणाराच लुबाडला जाऊ शकतो. पूर्वीच्या बाजारात फसवणुकीची भीती गिऱ्हाइकाला असे. येथे ती विक्रेत्याच्या वाट्याला आली आहे.

या फसवणुकीचा साचा ठरलेला आहे. धारवाडच्या वसतिगृहात राहणारा एक विद्यार्थी इंग्लिश विलोची जुनी बॅट आठ हजारांना विकायला काढतो, अशी कल्पना करू. जाहिरात झळकताच दूरध्वनी येतो. बोलणारा आपण बेळगावच्या छावणीतील जवान असल्याचे सांगतो आणि गणवेशातील छायाचित्र व ओळखपत्रही धाडतो. बॅट न पाहता, घासाघीस न करता तो सौदा पक्का करतो. ‘खाते तपासण्यासाठी’ तो एक रुपया पाठवतो आणि तो खरोखर जमा होतो. मग एक क्यूआर कोड येतो : ‘हा स्कॅन करा, पिन टाका, आठ हजार जमा होतील.’ पिन टाकताच आठ हजार जातात. ‘चूक झाली, परताव्यासाठी दुसरा कोड पाठवतो,’ असे सांगून पुन्हा तेवढीच रक्कम उकळली जाते. बॅट खोलीत तशीच पडून राहते; रिकामे होते ते वडिलांनी वसतिगृहाच्या शुल्कासाठी पैसे भरलेले खाते.

अशा जाळ्यात केवळ अडाणी माणूस सापडतो, हा समज चुकीचा आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीतील एका बड्या राजकीय कुटुंबातील तरुणीने जुना सोफा विकायला काढला आणि याच पद्धतीने ३४ हजार रुपये गमावले. तेथेही आधी किरकोळ रक्कम जमा करून विश्वास संपादन करण्यात आला होता. यूपीआय २०१६ मध्ये आले आणि काही वर्षांतच भाजीच्या गाड्यापर्यंत पोहोचले. वापर हातांना सवयीचा झाला, पण पैसा कोणत्या दिशेने जातो याची समज त्या वेगाने रुजली नाही. भामटे नेमका याच उणिवेचा लाभ उठवतात.

म्हणून एकच नियम मनावर कोरून ठेवावा. यूपीआयचा पिन लागतो तो पैसे देण्यासाठी किंवा शिल्लक पाहण्यासाठी. घेण्यासाठी तो कधीही लागत नाही. कोड स्कॅन करतो तो देणारा. घेणाऱ्याने केवळ आपला कोड दाखवायचा असतो. एका व्यक्तीने दुसरीकडे यूपीआयवरून पैशांची मागणी पाठवण्याची सोय राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. त्यामुळे एक दार मिटले. क्यूआर कोडचे दार मात्र उघडेच आहे.

इतर युक्त्याही ध्यानात घ्यायला हव्यात. पैसे भरल्याचे बनावट छायाचित्र किंवा बँकेच्या नावाने खोटा संदेश पाठवून वस्तू ताब्यात घेतली जाते. ‘आठ हजारांऐवजी अठरा हजार गेले, वरचे परत करा,’ अशी गयावया केली जाते. प्रत्यक्षात खात्यात काहीच आलेले नसते. कुरिअरचा माणूस पाठवतो, असे सांगून विम्याच्या नावाखाली आगाऊ रक्कम मागितली जाते. एखादे अ‍ॅप उतरवून घ्यायला लावून मोबाइलचा पडदाच परक्याच्या नजरेखाली आणला जातो.

आणखी एक धोका फारसा चर्चेत नाही. खात्यात पैसे खरोखर जमा होतात, पण ते तिसऱ्याच माणसाला फसवून वळवलेले असतात. त्याने तक्रार नोंदवताच पैशांचा माग काढत यंत्रणा विक्रेत्याच्या खात्यापर्यंत पोहोचते आणि ती रक्कम, प्रसंगी संपूर्ण खाते गोठवले जाते. प्रामाणिक विक्रेत्याला परराज्यातील पोलिसांपुढे आपली बाजू मांडावी लागते. म्हणून खरेदीदाराचे नाव आणि पैसे पाठवणाऱ्या खात्यावरील नाव जुळते का, हे पाहावे. जाहिरात, संभाषण आणि वस्तू सुपूर्द केल्याची पावती जपून ठेवावी.

खेळाच्या साहित्याला हा धोका अधिक आहे. वाढत्या वयाच्या मुलाला बॅट आणि पॅड लवकरच अपुरे पडतात, म्हणून ते विकण्याची घाई असते. जुन्या वस्तूची ठराविक किंमत नसल्याने मागाल तो भाव देणारा गिऱ्हाईक देवासारखा वाटतो. त्यातच विकणारा बहुधा मुलगा आणि बँक खाते पालकांचे असते.

यावरचा उपाय जुन्या बाजाराइतकाच साधा आहे : समोरासमोर व्यवहार. हुबळी आणि धारवाड यांत जेमतेम वीस किलोमीटरचे अंतर आहे. ‘चिगरी’ बस दिवसभर धावतात. गजबजलेल्या ठिकाणी भेटावे, वस्तू दाखवावी आणि आपल्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये रक्कम पाहिल्यावरच ती हाती द्यावी. गोव्यातील विक्रेत्याला हुबळीचा गिऱ्हाईक मिळाल्यास तेथील नातेवाइकामार्फत व्यवहार करावा. अशा विक्रीसाठी अल्प शिल्लक असलेले वेगळे खाते वापरणे शहाणपणाचे.

फसवणूक झालीच, तर लाजेपोटी गप्प बसू नये. तत्काळ १९३० या क्रमांकावर आणि बँकेला कळवावे. पैसा पुढच्या खात्यात सरकण्याआधी तो रोखता येतो, म्हणून एकेक मिनिट मोलाचे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. हुबळी-धारवाडमध्ये अशा गुन्ह्यांसाठी स्वतंत्र पोलिस ठाणे आहे, तर गोव्यात रायबंदर येथे सायबर गुन्हे ठाणे आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान बँकेला कळवेपर्यंत त्यालाच सोसावे लागते; कळवल्यानंतरच्या नुकसानीची जबाबदारी बँकेची. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड नुसार तोतयेगिरीला तीन वर्षांपर्यंत कारावास आहे. पण शिक्षा होईपर्यंत पैसे परत मिळतीलच, असे नाही.

सारा भार विक्रेत्याच्या सावधगिरीवर टाकणेही न्याय्य नव्हे. पैसे मागण्याची सोय बंद होऊ शकते, तर पिन टाकण्याच्या पडद्यावर ‘तुमच्या खात्यातून इतके रुपये जात आहेत’ हे वाक्य ग्राहकाच्या भाषेत, ठसठशीत अक्षरांत का दिसू नये? जाहिराती छापणाऱ्या संकेतस्थळांनीही वस्तू पोहोचेपर्यंत पैसे सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था उभारावी. तोपर्यंत मुलाच्या हाती मोबाइल देणाऱ्या प्रत्येक घराने त्याला एवढे शिकवून ठेवावे, की समोरचा पैसे देतो म्हणत असेल आणि पिन आपल्याला टाकायला सांगत असेल, तर तो गिऱ्हाईक नव्हे.