राजारामपुरीत उणे ४० अंश!

परवा राजारामपुरीतल्या एका गॅरेजात आमच्या गाडीला स्कॅनर लावला. इंजिनात शिरणाऱ्या हवेचे तापमान म्हणे उणे ४० अंश! आम्ही घाम पुसत उभे. लगेच निकाल लागला : 'सेन्सर बदला.'

आमच्या मते गिऱ्हाइकाने इथेच अडून बसावे. उणे ४० हा बहुधा तुटलेल्या जोडणीचा आकडा. नेमके काय तुटले, ते स्कॅनर सांगत नाही. दोन तारांचा सेन्सर असेल तर सॉकेट काढून त्याची दोन्ही टोके वायरच्या तुकड्याने जोडावीत. आकडा शंभरापुढे उसळला तर सेन्सर दोषी. जागचा हलला नाही तर वायरिंग तपासावे. शेजारीच उद्यमनगर असलेल्या पेठेत हे सांगावे लागावे, याचेच नवल!

हट्ट धरल्यावर मिस्त्रींनी तपासले. आकडा ढिम्म. वायर उंदराने कुरतडली होती.