कॅमेऱ्याची मृगया

बंदूक खाली ठेवून ज्याने कॅमेरा हाती घेतला तो अहिंसक झाला, हा समज आपल्या सुशिक्षित वर्गात इतका रूढ झाला आहे की त्याविषयी शंका घेणे हेच अरसिकतेचे लक्षण मानले जाते. वन्यपशूंची छायाचित्रे घेणारा तो निसर्गाचा उपासक, आणि त्याने आणलेले चित्र दिवाणखान्यात लावणारे आपण त्या उपासनेतील सहभागी, असा हा हिशेब आहे. या बाबतीत आपली भाषा आपल्याहून अधिक प्रामाणिक आहे. शिकाऱ्याने वाघ टिपला असे आपण म्हणत होतो; छायाचित्रकाराने वाघ टिपला असेही आपण म्हणतो. क्रियापद बदलण्याची आवश्यकता कोणास भासली नाही.

एक गोष्ट आरंभीच मान्य करतो, म्हणजे पुढील विवेचनाचा विपर्यास होणार नाही. कॅमेरा हे यंत्र स्वभावतः दोषी आहे असे माझे म्हणणे नाही. संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी जंगलातील वाटेवर तार ताणून, वाघाच्याच पावलाने कळ दाबली जाईल अशी योजना करून रात्रीची छायाचित्रे घेतली आणि १९२७ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. साहेबलोकांच्या शिकारीच्या त्या ऐन भरात हे कृत्य मोठ्या स्वतंत्र बुद्धीचे होते. परंतु चॅम्पियन यांचे पुण्य आजच्या प्रत्येक दूरवेधी भिंगाच्या मालकास वारसाहक्काने कसे प्राप्त होते, हे मला कायद्याच्या कोणत्याही पुस्तकात आढळलेले नाही.

लडाखमधील हेमिस राष्ट्रीय उद्यानाचे उदाहरण घेऊ. १९८१ साली स्थापन झालेले आणि पुढे विस्तार पावलेले हे उद्यान सुमारे ४,४०० चौरस किलोमीटरांचे, म्हणजे देशातील सर्वांत मोठे राष्ट्रीय उद्यान होय. सिंधूच्या दक्षिणेस रुंबक, मारखा आणि सुमदा यांची खोरी. झाड जवळजवळ नाही. उघडे खडक, भुसभुशीत उतार आणि वर बर्फ. या प्रदेशात हिमबिबळ्या राहतो. लडाखी लोक त्यास ‘शान’ म्हणतात. खडकाचाच रंग अंगावर घेऊन तो समोरच्या कड्यावर तासन्‌तास पडून राहिला तरी दुर्बीण लावून बसलेल्या मनुष्यास दिसेलच असे नाही.

जानेवारी ते मार्च हा त्याचा समागमकाल. त्या दिवसांत नर-मादी एकमेकांस साद घालतात, कड्यांच्या पायथ्याशी गंधखुणा ठेवतात, आणि चाऱ्यासाठी खाली उतरलेल्या भरलांच्या कळपांमागोमाग खालच्या दऱ्यांत येतात. नेमक्या याच कारणाने छायाचित्रकारांचा हंगामही हाच. म्हणजे जे दिवस त्या प्राण्यास वंशासाठी आणि पोटासाठी अत्यंत निकडीचे, तेच दिवस आपण त्याच्या भेटीसाठी मुक्रर केले आहेत! भरलांचा विचार तर कोणी करीतच नाही. उणे वीस अंशांच्या थंडीत वाळक्या गवतावर दिवस काढणाऱ्या त्या पशूला एकदा पळवले म्हणजे त्याच्या अंगातील चरबीच्या खात्यातून रक्कम उचलली जाते, आणि हिवाळ्यात त्या खात्यात भरणा होत नाही. हिमबिबळ्याने भरल मारला म्हणजे त्या एका शिकारीवर तो काही दिवस काढतो. अशी शिकार सापडली की वर्दी जाते, आणि समोरच्या उतारावर तिपायांची रांग लागते. दूर असलेल्या प्राण्याचे चित्र म्हणजे एक ठिपका. ठिपक्यास पारितोषिक मिळत नाही. म्हणून कोणी पन्नास पावले पुढे सरकतो, त्यास पाहून दुसरा सरकतो. बिबळ्या उठून गेला तर त्यास त्याची ‘लहर’ म्हणतात.

आता कायद्याकडे वळतो. जम्मू-काश्मीरचा स्वतःचा वन्यजीव कायदा १९७८ सालचा होता. ऑक्टोबर २०१९ अखेर लडाख केंद्रशासित झाल्यापासून तेथे १९७२ चा केंद्रीय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम लागू आहे. त्याच्या अठ्ठाविसाव्या कलमान्वये अभयारण्यात, आणि पस्तिसाव्या कलमामुळे राष्ट्रीय उद्यानातही, छायाचित्रणासाठी प्रवेशाचा परवाना मिळतो. परवाना म्हणजे हक्क नव्हे, हे प्रथम ध्यानी घ्यावे. २०२२ च्या दुरुस्तीने तर त्या परवान्यास स्पष्ट अट जोडली आहे: छायाचित्रण व चित्रपटनिर्मिती अधिवासात बदल न करता आणि अधिवासावर वा वन्यजीवांवर प्रतिकूल परिणाम न होऊ देता झाली पाहिजे.

यापुढची गोष्ट मात्र आपल्या निसर्गोपासकांनी स्वस्थ बसून वाचावी. याच अधिनियमात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या आहे. तीत ठार मारणे व पकडणे तर येतेच, पण पाठलाग करणे, हाकणे आणि आमिष दाखवणे हेही येते, आणि तसा प्रयत्न करणेही येते. पक्ष्यांच्या बाबतीत घरट्यास उपद्रव देणे हीसुद्धा शिकारच. हे सर्व गोळी घालण्याच्या हेतूने केले असले पाहिजे असा शब्द तेथे नाही. मी तरी ही व्याख्या अशी वाचतो की चांगली कड मिळावी म्हणून प्राण्यास दरीच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूस उठवणारा, अथवा मेलेले जनावर वाटेवर टाकून दबा धरून बसणारा गृहस्थ शिकारी आहे. त्याच्या हाती कोणते यंत्र होते हा प्रश्न गौण होय. हिमबिबळ्या पहिल्या अनुसूचीतील प्राणी आहे. त्याच्या शिकारीस तीन ते सात वर्षांचा कारावास सांगितला आहे.

यावर पहिले उत्तर ठरलेले असते: “चित्रांमुळे लोकांत प्रेम उत्पन्न होते आणि प्रेमामुळे प्राणी वाचतात.” यातील पहिला अर्धा भाग खरा धरू, दुसऱ्यास पुरावा पाहिजे. आपल्याच सत्तरीत, गोळावली येथे, जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यातील चार वाघ विषप्रयोगाने मृत झाले. त्याआधी तेथील गुरे वाघाने मारली होती. गोव्यात वाघाच्या चित्रांचा त्या काळी दुष्काळ होता असे कोणी म्हणणार नाही. दुष्काळ होता तो ज्याची गाय गेली त्याच्या दारी वेळेवर पोहोचणाऱ्या माणसाचा.

आणि ज्या चित्रांनी हिमबिबळ्याचे खरोखर हित झाले ती कोणती? २०१९ ते २०२३ या काळात त्याची देशातील पहिली पद्धतशीर गणना झाली. १,९७१ ठिकाणी स्वयंचलित कॅमेरे ठेवण्यात आले, अंगावरील ठशांवरून २४१ निरनिराळे प्राणी ओळखले गेले, आणि देशात एकूण ७१८, त्यांपैकी ४७७ लडाखात, असा अंदाज जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ती चित्रे बहुधा वेडीवाकडी असतात; कोठे शेपूट, कोठे पाठीचा तुकडा. त्यामागे मनुष्य उभा नसतो. उलट, २०२२ साली नेपाळातील हिमशिखरांच्या पार्श्वभूमीवर उभ्या असलेल्या हिमबिबळ्याची जी मनोहर चित्रे जगभर नावाजली गेली, ती निरनिराळे तुकडे जोडून रचलेली असल्याचे एका फ्रेंच गिर्यारोहण-नियतकालिकाने दाखवून दिले. न्यायालयात असा पुरावा आणणाऱ्यास आपण काय म्हणतो ते सांगावयास नको.

दुसरे उत्तर अधिक वजनदार आहे आणि ते मी टाळू इच्छीत नाही. रुंबकसारख्या गावांतून पाहुण्यांस घरी ठेवण्याची पद्धत या शतकाच्या आरंभापासून रुजली. ज्या घरचा मेंढवाडा एका रात्रीत शानने रिकामा केला असेल, त्या घरास त्याच शानमुळे चार पैसे मिळू लागले, वाड्यांवर जाळ्या बसल्या, सूडबुद्धी ओसरली. हे चांगलेच झाले, आणि ते बंद करा असे म्हणण्याचा अधिकार कोकणात अथवा बेळगावात बसलेल्या मनुष्यास नाही. पण हे काम पाहुण्याने केले, त्याच्या भिंगाने नव्हे. दूरवरून दुर्बिणीतून पाहून परतणारा पाहुणाही तेवढेच भाडे देतो. जो पाहुणा “जवळून मिळाला तर बक्षीस” असे वाटाड्यास सांगतो, तो त्या गरीब माणसास स्वतःच्या ज्ञानाविरुद्ध वागावयास लावतो. कायदा मोडल्याची जोखीम त्या वाटाड्याची, आणि चित्राखाली नाव मात्र पाहुण्याचे.

लडाखी लोकांस आमिष म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. आत कलत्या दगडी भिंतींचा खड्डा रचून त्यात जिवंत जनावर सोडावयाचे, लांडगा आत उडी घेतो आणि मग त्यास वर येता येत नाही, अशी ‘शांगडोंग’ नावाची सापळ्यांची जुनी चाल तेथे आहे. उद्यानापासून दूर, पूर्वेस चुशूल येथील ग्रामस्थांनी २०१८ साली आपल्या गावचे असे खड्डे निकामी केले. भिंतीत वाट काढून दिली, आणि शेजारी स्तूप उभारला. ज्यांची मेंढरे लांडग्याने खाल्ली त्यांनी हे केले. ज्यांचे काहीच गेलेले नाही अशा आपण त्यांच्या प्रदेशात आमिषाचा मोह घेऊन जावे काय?

आपणांस हे समजणे अवघड नसावे. देवराईतील वाळकी काटकीही उचलावयाची नाही हा दंडक आपल्या गावांनी पाळला आहे. गाभाऱ्याच्या उंबरठ्याशी आपण थांबतो. आत समईचा उजेड, मूर्ती अर्धी दिसते, अर्धी नाही. कोणी विजेरीचा झोत टाकून “नीट दिसत नाही” अशी तक्रार करीत नाही. त्यास आपण दर्शन म्हणतो आणि तृप्त होऊन घरी जातो. तोच भाविक हेमिसच्या दरीत पाय ठेवताच, आठ दिवसांचे पैसे भरले तेव्हा बिबळ्या दिसलाच पाहिजे, असे कोणत्या शास्त्राधारे म्हणू लागतो?

माझी मागणी मोठी नाही. परवान्याच्या अटीत अंतर आणि संख्या लिहून द्यावी. मारलेल्या शिकारीभोवती जमाव जमू देऊ नये. अटी ठरविताना रुंबकच्या ग्रामस्थांस विचारावे. हे शासनाचे काम. आपल्या हातचे कामही आहे. आपली देवस्थाने दरवर्षी दिनदर्शिका छापतात, सभागृहांतून चित्रांची प्रदर्शने भरतात, आणि वन्यपशूंची चित्रे तेथे हमखास असतात. चित्र निवडणाऱ्या मंडळींनी ते स्वीकारण्यापूर्वी छायाचित्रकारास तीन प्रश्न लेखी विचारावेत. किती अंतरावरून घेतले? प्राणी स्वतःच्या वाटेने आला होता काय? आणि आला असेल, तर तो चित्रात आपल्याकडे रोखून का पाहत आहे?